बिनचिठ्ठीच्या सुरया

दूध उतू गेलं, शेगडीवर पसरलं, उरलं ते तळाला लागून करपलं, आणि हे सगळं होत असताना मी त्याच शेगडीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. ही ओले केस पुसत आतून आली, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू करपलंय ते दूध नसून मीच आहे. नाक कुठे गहाण टाकलंत, असं म्हणाली. एवढ्या तेवढ्याला टोमणा मारणं हा तिचा श्वासोच्छ्वास आहे, त्यामुळे तो मी मनावर घेतला नसता. पण उत्तर द्यायला म्हणून श्वास घेतला आणि आत काहीच आलं नाही. हवा आली, गार, रिकामी. पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखी. पातेल्यात डोकावलो. वाफेनं नाकाचा शेंडा ओला झाला, डोळ्यांना झोंबलं, पण वास नाही. मोरीत जाऊन साबण हुंगला. कांदा हुंगला. शेवटी दाराशी वाकून स्वतःची चप्पल हुंगली. माझ्या चपलेला वास येत नाही म्हणजे जग बुडालं असं धरून चालायला हरकत नव्हती. ही मागे उभी राहून बघत होती. काय हरवलंय, असं तिनं विचारलं तेव्हा मी शब्दकोड्यातला एक आडवा शब्द सांगितला. आपलं सोनं पितळ निघालं हे सोनारानं बायकोला सकाळी सकाळी सांगायचं नसतं.

कारण मला ‘नाक’ म्हणतात. अमुक साहेब, तमुक काका अशी माझी ओळखच नाही. नाकाला विचारा, नाक आलं का, आज नाकाचा मूड कसा आहे, असं चालतं. तंबाखूच्या एका जुन्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची बैठकीची खोली आहे. भिंतीला गडद लाकूड, चामडं पार मऊ पडलेल्या खुर्च्या, आणि आतून देवदार लावलेलं एक दमट कपाट, ज्यात सिगारी लहान मुलांसारख्या ओळीनं झोपलेल्या असतात. गिऱ्हाईक खाली सिगार निवडतो आणि वर येतो. सिगार त्याची, पेय माझं. सिगार बघायची, बोटात फिरवायची, न पेटवता हुंगायची आणि तिच्याबरोबर काय प्यायचं ते सांगायचं. स्थळं जुळवणारी माणसं असतात तसा मी. आता या नाकाविषयी सांगताना थोडी अतिशयोक्ती झाली तर ती नाकाची, माझी नव्हे. तळमजल्यावर कुणी काय पेटवलं हे मी वरून सांगत असे. सिगारीचं पान वळणारी बाई डावखुरी होती हे धुरावरून सांगत असे. एकदा रमच्या एका घोटावरून, हिचं पिंप घडवणाऱ्याला त्या दिवशी सर्दी झालेली होती, असं मी भर खोलीत जाहीर केलं. साऱ्यांनी माना डोलावल्या. खरं-खोटं करायला जाणार कोण, पिंपवाला कधीच मातीत गेलेला. पण थापेच्या पोटात एक बारीकसं खरं असतंच, आणि ते माझ्या बाबतीत नाकपुड्यांच्या आत कुठेतरी होतं. आज सकाळपर्यंत होतं.

ते पहिल्यांदा मला कळलं तेव्हा मी ऐन तरुण होतो आणि या खोलीत खुर्च्या पुसायला आलो होतो. थोरल्या मालकांनी बसवलं, हातात जळती सिगार दिली, म्हणाले, धूर गिळायचा नाही, पाहुण्यासारखा तोंडात बसवायचा आणि मानानं बाहेर सोडायचा. मी तसं केलं. कडू लागलं, दुसरं काही नाही. मग कोन्याकचा, म्हणजे जुन्या ब्रँडीचा, घोट दिला. तिखट लागलं, दुसरं काही नाही. मग म्हणाले, आता पुन्हा धूर. आणि जे झालं ते मी तेव्हापासून सांगतो आहे आणि अजून नीट सांगता आलेलं नाही. घोटात नव्हतं, धुरातही नव्हतं, असं एक तिसरं काहीतरी तोंडात उभं राहिलं. दोन खोल्यांमधली भिंत आवाज न करता खाली बसावी आणि पलीकडे आपल्याच घरात आपण कधी न पाहिलेला दिवाणखाना निघावा, झुंबरं पेटलेला, माणूस एकही नाही. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं. थोरले मालक हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, प्रेतयात्रा जाताना लोक घालतात तशी. ते तिसरं कुठून येतं हे मला आजवर कळलेलं नाही. इतकी वर्षं मी त्या दिवाणखान्याच्या दारावर उभा राहून लोकांना आत सोडतो आणि दर वेळी माझ्या पाठीवर काटा येतो. धंदा म्हणून केलेल्या कामात असा काटा येणं बरं नव्हे, पण येतो.

या काट्यापायी माणसाला गर्व होतो, आणि गर्वापायी मी एक गोष्ट केली जी या धंद्यातला माणूसच करू शकतो. बाटल्या मला आवडत नसत. बाटलीवर नाव, गाव, वय सगळं छापलेलं. म्हणजे परीक्षेला बसायचं आणि उत्तरं समोर. तेव्हा मी सगळी पेयं काचेच्या सारख्या सुरयांमध्ये ओतून घेतली, एकाच घाटाच्या, एकाच उंचीच्या, आणि एकीवरही चिठ्ठी लावू दिली नाही. धाकटे मालक म्हणाले, तुम्ही आजारी पडलात तर. मी म्हणालो, नाक आजारी पडत नाही. बूच काढून हुंगायचं, की झालं. त्यामुळे आज फळीवर सुरयांची जी रांग उभी होती, तिच्यात कोण रम, कोण व्हिस्की, कोण पोर्ट वाइन, हे जगात ज्या एका माणसाला ठाऊक होतं त्याला आज ठाऊक नव्हतं.

आणि आज बाई येणार होत्या. बाई म्हणजे शाळेतल्या, गणिताच्या, निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान घड्याळजी होते. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करणार, संध्याकाळी दुकान बंद करून आमच्या तळमजल्यावरून एक सिगार विकत घेणार आणि घरी नेणार. वर कधी आले नाहीत. घरी गॅलरीत बसून ओढत. बाई आत टेबलाशी पेपर तपासत. मधलं दार लोटलेलं, कारण धुरानं बाईंना खोकला येई. गेल्या वर्षी ते गेले. दुकान आवरताना बाईंना खणात पत्र्याच्या डबीत एकच सिगार सापडली आणि एक चपटी बाटली, अर्धी, शेजारी एक पेला. घड्याळं धुवायचं स्पिरिट असेल म्हणून बाईंनी ती मोरीत ओतली. ओतता ओतता हात थांबला. स्पिरिट कुणी पेल्यासकट ठेवत नाही. पण तोवर ती रिकामी झाली होती. महिन्यापूर्वी डबी घेऊन त्या आमचा जिना चढून आल्या, चष्मा पुसला, आणि अशी मागणी केली जी मला आजपर्यंत कुणी केलेली नाही. त्यांना ती सिगार ओढायची होती, आणि त्या बाटलीत जे होतं ते तिच्याबरोबर प्यायचं होतं. आयुष्यात दोन्ही केलेलं नव्हतं. मी विचारलं, कशासाठी.

“ते रोज संध्याकाळी माझ्यापासून उठून तिकडे जायचे. मी विचारलं तर म्हणायचे, काही नाही, बसलोय. कुठे जायचे ते मला बघायचंय. माझ्यावर रागावून जात होते का, तेवढं तरी कळेल.”

सिगार वाळून खडखडीत झाली होती. वाळलेलं पान एकदम ओलं केलं तर फुटतं. त्याला सावकाश, हवेतून पाणी प्यावं लागतं. मी ती आमच्या दमट कपाटात ठेवली, बाईंना महिन्यानं बोलावलं, आणि जाता जाता, कुणी मागितलेलं नसताना, शब्द दिला की त्या बाटलीत काय होतं ते मी पानावरून ओळखून दाखवीन. सिगार एकच. पेटवली की परत न पेटवलेली होत नाही. आणि दुसरीकडे मी, बिननाकाचा.

दुकानाकडे चालत गेलो. एरवी मला रस्ता नाकानं पाठ आहे: बेकरीशी डावीकडे, धोब्याच्या इस्त्रीशी सरळ, औषधाच्या दुकानाशी रस्ता ओलांडायचा. आज सगळं नुसतं दिसत होतं. पाव दिसत होते, इस्त्रीखालून वाफ निघताना दिसत होती, पण काचेपलीकडे असल्यासारखी. एका बाईच्या अंगावरून अत्तर चाललं असणार हे मागच्या दोघांनी मान वळवली त्यावरून कळलं. मला वाटलं, मेल्यावर माणसाला असंच दिसत असेल; सगळं जागच्या जागी, पण आपल्याला कुणी आत बोलवत नाही. बेकरीपुढून तसाच पुढे गेलो आणि भलत्याच गल्लीत निघालो. त्या गल्लीत उभा राहून पहिल्यांदा भीती वाटली, लहानपणी जत्रेत बोट सुटल्यावर वाटली होती तशी. बाईंना आज नको म्हणून कळवावं असं मनात आलं. पण काय कारण सांगणार. सर्दी नव्हती. आणि नाक आजारी पडत नाही हे मीच सांगून ठेवलेलं.

बाई दुपारी आल्या, खोली उघडायच्या आधी, ठरल्याप्रमाणे. फिकट साडी, खांद्याला पर्स, चष्म्याला दोरी. परीक्षेला पर्यवेक्षक येतो तशा येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी कपाटातून सिगार काढली. बोटांत दाबून पाहिली. पान मऊ झालं होतं, गालासारखं. नाकाशी नेली, सवयीनं, आणि डोळे मिटून मान हलवली, तीही सवयीनं. टोक कापलं. ज्योत सिगारीला लागू न देता जवळ धरून टोक शेकलं, कडेनं निखारा फिरला, आणि मी ती बाईंच्या हातात दिली. मग फळीकडे वळलो. रंगावरून अंदाज घेतला, सुरई कलती करून काचेवरून थेंब किती सावकाश उतरतो ते पाहिलं, आणि कोन्याक असावी अशा भरवशावर एक पेला भरला. बाईंनी धूर तोंडात घेतला, खोकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, घोट घेतला, पुन्हा धूर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्या चेहऱ्यावर काहीही उघडलं नाही. ताप आल्यावर तोंड होतं तसं लागतंय, असं त्यांनी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, निकाल म्हणून. मग विचारलं, तुम्हाला काय लागायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि सगळं घडाघडा बाहेर आलं: चामडं, कोको, देवदार, भाजलेला बदाम. राख हळूहळू वाढत होती. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“हे पाठ केलेलं उत्तर आहे,” त्या म्हणाल्या. “मी जन्मभर मुलांचे पेपर तपासले. खरं सांगा, तुम्हाला वास येतोय का?”

बायकोपासून लपवलं, मालकांपासून लपवलं, पण गणिताच्या बाईंपुढे मी शाळेतल्यासारखा उभा राहिलो आणि सांगून टाकलं. सकाळच्या दुधापासून सुरयांपर्यंत सगळं. मला वाटलं, उठतील आणि जातील. सिगारीचा पहिला भाग राख झाला होता आणि तो फुकट गेला होता. बाईंनी सिगार ताटलीत ठेवली. मग पदर खोचला, उठल्या, फळीपाशी गेल्या आणि पहिल्या सुरईचं बूच काढलं. मी सांगते, तुम्ही ओळखा, असं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सहानुभूती नावालाही नव्हती. गणित अडलं तर दुसऱ्या पद्धतीनं सोडवायचं, एवढंच.

मग जे सुरू झालं त्याची थाप मला कधीच मारता आली नसती. पहिल्या सुरईवर वाकून बाई म्हणाल्या, साखरेचा डबा, पण रिकामा, उन्हात ठेवलेला. रम, मी म्हणालो, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण रमचा वास खरोखर तसाच असतो आणि मी तो इतकी वर्षं काकवी, काकवी म्हणून विकत होतो. दुसरीवर म्हणाल्या, दवाखान्यातली पट्टी, आणि बाहेर वॉर्डबॉयनं पाला पेटवलाय. ती धुरकट व्हिस्की. तिसरी: मनुका, आणि वर्गात सांडलेली शाई. पोर्ट. एकेक बूच निघत होतं आणि माझ्या डोक्यातल्या अंधारात एकेक वस्तू येऊन उभी राहत होती, नुसत्या शब्दांवर, आणि खऱ्या वासाहून ठळक. माझ्या खोलीत इतकी माणसं आली, शिकलेली, फिरलेली, आणि मी चामडं म्हटलं की त्यांनी चामडं म्हटलं. एकालाही शाई आठवली नाही. मी ती आठवूच दिली नसेल. एकदा वाटलं, बाई चुकल्या. एक सुरई हुंगून काहीच नाही म्हणाल्या, आणि ती खरंच पाण्याची निघाली, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. बिचारी सिगार ताटलीत एकटी धुमसत होती. सिगार अशी थांबते. फार वेळ नाही, पण थांबते.

शेवटच्या कोपऱ्यातल्या सुरईवर मात्र बाई बराच वेळ वाकून राहिल्या. काय आहे, मी विचारलं. त्यांनी हात वर करून मला थोपवलं.

“हात आहेत,” त्या म्हणाल्या. “काम करून आलेल्या माणसाचे. धुतलेत, पण नीट नाही धुतलेले.”

मी ओळखू शकलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच फळीवरचं एक पेय मला परकं होतं. मी ते कधी ओतून ठेवलं, कुठल्या बाटलीतून, काही आठवेना. बाईंना म्हणालो, हे काय आहे ते मला सांगता येत नाही, आणि त्या चपट्या बाटलीत हेच होतं असंही नाही. आता कुणालाच ते कळायचं नाही. बाईंनी पेला पुढे केला. असू द्या, हेच द्या, म्हणाल्या. मी ओतलं. रंग जुन्या पितळेसारखा होता. त्यांनी सिगार उचलली, निखारा मंद झाला होता तो दोन झुरक्यांत जागा केला, यावेळी खोकल्या नाहीत. घोट घेतला, तोंडात ठेवला, गिळला. मग धूर. आणि मी पाहिलं. त्यांचे डोळे उघडेच होते पण त्यांतलं बघणं मागे गेलं, खोलीतला माणूस आतल्या खोलीत जावा तसं. खांदे खाली आले. खुर्चीच्या कडेवर बसलेल्या बाई पहिल्यांदा पाठ टेकून बसल्या. कसं आहे, मी हळू विचारलं. आधी कडू, त्या म्हणाल्या, मग ते कडू थोडं बाजूला सरतं, आणि मागे ... वाक्य तिथेच राहिलं. पुन्हा घोट, पुन्हा धूर. मला वाटलं, आता सांगतील. मी पुढे झुकून वाट पाहत होतो, आंधळा माणूस वाचून दाखवणाऱ्याची पाहतो तशी. पण त्या मला विसरल्या होत्या.

मी मागे झालो. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि त्यात धूर निळा दिसत होता, बाईंच्या तोंडातून सुटलेला मात्र राखाडी. आत जाऊन आलेला धूर रंग बदलतो हे मी रोज बघतो, पण आज बघत बसलो. खाली रस्त्यावर कुणी हातगाडी ढकलत नेत होतं, चाक कुरकुरत होतं. बाईंच्या बोटांत राख लांब होत गेली, पडली नाही. हात इतका स्थिर होता. इतकी वर्षं मी दारावर उभा राहिलो होतो, पण आत गेलेल्या माणसाकडे असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. माझं नाक मध्ये यायचं. मीही त्याच वेळी आत जायचो ना. आज मी बाहेर राहिलो होतो, आणि बाहेरून ते मला आतल्यापेक्षाही मोठं वाटत होतं. एक बाई खुर्चीत बसली आहे, बस, एवढंच दृश्य, आणि तरी देवळाच्या गाभाऱ्याशी पाय थबकावेत तसं मला झालं. खोकावंसं वाटलं ते दाबलं. सिगार दोन तृतीयांश संपली, शेवटचा भाग लागला, जो उग्र असतो, ज्यात भलेभले सिगार खाली ठेवतात. बाईंनी ठेवली नाही.

मग राख पडली, त्यांच्या पदरावर, आणि त्या दचकल्या. खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पेल्याकडे पाहिलं. पदर झटकला नाही. चेहरा असा झाला होता की मी घाबरून उठलोच. वाटलं, आता रडतील.

“मी त्यांना विसरले होते,” त्या म्हणाल्या.

मी परत खाली बसलो.

“ते गेल्यापासून एक क्षण असा नाही. झोपेतसुद्धा नाही. आणि आत्ता विसरले होते. ते नव्हते, मी पण नव्हते. कुणीच नव्हतं तिथे.” त्या थांबल्या. मनातल्या मनात काहीतरी ताडून पाहावं तशा. “म्हणजे ते पण मला असंच विसरत असणार.”

समजूत घालायला एखादी थाप मारावी तर ती सुचेना. तसं नसेल हो बाई, असं काहीसं मी पुटपुटलो. त्यांनी ऐकलं नाही. सिगार त्यांनी ताटलीच्या खाचेत ठेवली, न चिरडता. हे मी शिकवलं नव्हतं. चष्मा काढला. उघड्या डोळ्यांनी त्या खोलीच्या रिकाम्या मधल्या भागाकडे पाहत राहिल्या, जिथे धूर अजून पुरता विरला नव्हता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, रागही नव्हता. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचा असतो, तसा तो चेहरा होता.

“केवढी मोठी जागा आहे हो,” त्या म्हणाल्या. “आणि तिथून ते रोज उठून घरी यायचे.”